पुटातला सम्राट

तांब्याचे भांडे काळवंडले की चिंच-मीठ लावून घासावे, हे मराठी घरात कोणाला शिकवावे लागत नाही. चिंचेतले आम्ल वरचे ऑक्साइड विरघळवते, खालचा धातू उघडा पडतो आणि तांब्या लखलखू लागतो. दोन वर्षांपूर्वी सासूबाई सांगलीहून आमच्याकडे आल्या, तेव्हा माझ्या टेबलावरच्या बशीतली हिरवट-तपकिरी ढेकळे पाहून त्यांनी हाच उपाय सुचवला. ‘‘अगं, एवढे दिवस पाण्यात काय ठेवलीयस? चिंच लाव की, दोन मिनिटांत निघतील.’’ ती ढेकळे म्हणजे चौथ्या शतकातली रोमन नाणी होती. चिंचेने दोन मिनिटांत काम झाले असते, यात शंका नाही. बशीत उरल्या असत्या त्या खड्डे पडलेल्या तांबूस चकत्या.

यामागचे कारण समजून घेतले की या छंदातले निम्मे शहाणपण हाती येते. नाणे पाडले गेले त्या दिवशी सम्राटाचा चेहरा धातूत होता. पुढे सोळा-सतरा शतके ते ओल्या मातीत पडून राहिले. तांब्याचे कण हळूहळू बाहेर सरकत गेले, हवेतल्या आणि मातीतल्या घटकांशी त्यांची संयुगे झाली. धातूला लागून क्युप्राइटचा, म्हणजे तांब्याच्या ऑक्साइडचा लालसर थर तयार झाला. त्याच्यावर मॅलकाइटचा, म्हणजे कार्बोनेटचा हिरवा थर. आणि त्या हिरव्यात वाळूचे, मातीचे कण अडकत गेले. आतला धातू मात्र खंगत गेला. जुन्या काळचा मूळ पृष्ठभाग, ज्याच्यावर नाक, कपाळ आणि अक्षरे होती, तो आता बहुधा या थरांच्या सांध्यावर असतो. सम्राटाचा चेहरा धातूतून उठून गंजात राहायला गेलेला असतो. त्याखालचा धातू खडबडीत आणि निनावी असतो. आम्ल चेहरा आणि मळ असा भेद करत नाही; दोन्ही एकदमच विरघळवते. आपल्या तांब्याची गोष्ट निराळी, कारण त्याचे ऑक्साइड केसाहून पातळ असते आणि त्यावर लिहिलेले काही नसते.

नाणकशास्त्रात या थराला पॅटिना म्हणतात. मी ‘पुट’ म्हणते. आयुर्वेदाच्या पुटाशी त्याचा संबंध नाही, पण ‘पुट चढणे’ हा आपला वाक्प्रचार मला इथे फार जवळचा वाटतो. चढलेले पुट म्हणजेच नाणे, आणि सफाई म्हणजे त्या पुटापर्यंत पोचून तिथे थांबणे.

मी इंग्लंडमध्ये लिंकनशर परगण्यात राहते आणि एका प्रयोगशाळेत काम करते. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून तासन्‌तास बसण्याची सवय नोकरीने लावली. ती नाण्यांच्या कामी आली. लिंकन शहराच्या नावातच ‘लिंडम कोलोनिया’ हे जुने रोमन नाव दडलेले आहे. सैन्यातून निवृत्त झालेल्यांची ती वसाहत होती. भोवतालच्या शेतांतून नांगराला आजही रोमन नाणी लागतात. धातुशोधक यंत्र घेऊन हिंडणारे हौशी लोक शेतमालकाच्या परवानगीने ती शोधतात. कायद्याची रेघ स्पष्ट आहे. १९९६च्या ‘ट्रेझर अ‍ॅक्ट’नुसार एकाच जागी सापडलेली, तीनशे वर्षांहून जुनी, तांब्यासारख्या हलक्या धातूची दहा किंवा अधिक नाणी ‘निधी’ ठरतात आणि ती कळवावीच लागतात. सोन्या-चांदीची दोन असली तरी पुरे. सुटे सापडलेले नाणे मालक आणि शोधणारा आपसांतल्या करारानुसार ठेवू किंवा विकू शकतात. पण तेही नोंदवावे म्हणून १९९७पासून ‘पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम’ नावाची ऐच्छिक योजना चालू आहे. परगण्यापरगण्यांत तिचे अधिकारी असतात. नाणे कोणत्या शेतात, नकाशावरच्या कोणत्या चौकटीत सापडले, हे लिहून घेतात आणि नाणे परत देतात. मी नोंद झालेलीच नाणी घेते. एकेकाला दोन-तीन पौंड पडतात. 

बाजारात याहून स्वस्त ढेकळे किलोने मिळतात. त्यांतली बरीचशी बाल्कन देशांतली, डॅन्यूब नदीकाठच्या जुन्या रोमन छावण्यांतली. बल्गेरियासारख्या देशात अशी नाणी खणणे आणि बाहेर नेणे गुन्हा आहे, आणि ती खणताना त्यांच्याबरोबरच्या भिंती, मडकी, हाडे यांचे काय होते ते सांगायला नको. त्या पोत्यांपासून मी दूर राहते. भारतातल्या वाचकांसाठी एक गोष्ट इथेच सांगून ठेवते: आपल्याकडे १८७८चा निखात-निधीचा कायदा अजून लागू आहे, आणि जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. परसात नाणी सापडली तर घासणी हातात घेण्याआधी हे आठवावे.

आता प्रत्यक्ष काम. नाणे हाती आले की प्रथम वजन, व्यास आणि दोन्ही बाजूंचा फोटो. मग डिस्टिल्ड वॉटर. नळाचे पाणी चालत नाही, कारण त्यात क्लोरीन असते आणि क्लोराइड हा तांब्याचा वैरी. आठवड्याने पाणी बदलायचे, मऊ दातघासणीने हलकेच घासायचे, पुन्हा नवे पाणी. कधी तीन आठवड्यांत माती सुटते, कधी सहा महिने लागतात. या हौसेतला बहुतेक वेळ काहीच न करण्यात जातो. मग बांबूची टूथपिक पाण्यात भिजवून तिच्या टोकाने मातीचे कण उचलायचे. बांबू मातीहून कठीण आणि पुटाहून मऊ. म्हणून तो बरा. सगळ्यात शेवटी, दुर्बिणीखाली, शस्त्रक्रियेची बारीक सुरी. तीही खरवडण्यासाठी नव्हे, कणाखाली टोक घालून तो उडवण्यासाठी.

जुन्या संग्राहकांचा लाडका उपाय म्हणजे ऑलिव्ह तेल. नाणी महिनोन्‌महिने त्यात बुडवून ठेवतात. मला तो पसंत नाही. तेलातली मोकळी मेदाम्ले तांब्याच्या संयुगांवर सावकाश काम करतात. काही आठवड्यांनी तेलाला येणारा हिरवट रंग म्हणजे विरघळलेले तांबे होय. ताक पितळेच्या भांड्यात कळकते ना, तसेच ते. चिंच जे दोन मिनिटांत करते, ते तेल दोन वर्षांत करते, इतकाच फरक. विजेच्या प्रवाहाने सफाई करण्याची पद्धत तर याहून वाईट. ती घाईच्या माणसाला मोहात पाडते, कारण गंज डोळ्यांदेखत फेसासारखा निघून जातो, आणि त्याच्याबरोबर चेहराही. तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातल्या आणि चौथ्याच्या आरंभीच्या नाण्यांवर तर आणखी एक नाजूक गोष्ट असते: रुप्याचा पातळ मुलामा. २१५च्या सुमारास सम्राट काराकालाने काढलेल्या नव्या चांदीच्या नाण्यात निम्म्याच्या आसपास चांदी होती. २७०पर्यंत ती थोड्या टक्क्यांवर घसरली, आणि तांब्याच्या चकतीवर रुप्याचा हात फिरवून सरकार चांदीचा भास टिकवू लागले. हा मुलामा कुठे-कुठे नखाएवढा उरलेला असतो. रोमच्या अर्थकारणातल्या त्या घसरणीचा तोच साक्षीदार, आणि तारेच्या ब्रशच्या एका फटकाऱ्यात तो नाहीसा होतो.

सफाई झालेल्या नाण्याला एक रोग जडू शकतो. त्याला ब्राँझ डिसीज म्हणतात. आपण कांस्यरोग म्हणू. पुटाच्या पोटात क्युप्रस क्लोराइड दडलेले असते. हवा आणि दमटपणा पोचला की त्याचे फिकट हिरव्या भुकटीत रूपांतर होते आणि त्या क्रियेत हायड्रोक्लोरिक आम्ल सुटते; ते उरलेल्या तांब्याला खाते, पुन्हा क्लोराइड तयार होते, पुन्हा तेच. नाण्यावर मोहरीच्या टोकाएवढा फिकट पोपटी ठिपका दिसला, आणि टूथपिक लावताच त्याची पूड झाली, तर समजावे. चांगले पुट गडद आणि घट्ट असते. रोगाचा ठिपका फिकट आणि भुसभुशीत. असे नाणे सोडियम सेस्क्विकार्बोनेटच्या द्रावणात आठवडेच्या आठवडे ठेवून क्लोराइड ओढून काढतात, मग धुऊन, कडकडीत वाळवून, वर मेणाचा हात देतात. संग्रहालयांत बेंझोट्रायझोल वापरतात, पण ते विषारी आहे आणि माझ्या स्वयंपाकघरात त्याला जागा नाही. खरा उपाय कोरडेपणा. हवेतला दमटपणा चाळीस टक्क्यांच्या खाली ठेवला तर रोग झोपून राहतो. रत्नागिरी-मालवणच्या पावसाळ्यात, खाऱ्या हवेत असे नाणे उघड्यावर ठेवले तर ते किती टिकेल, याचा विचारही नको.

इतके सगळे करून जे दिसते ते वाचायचे कसे, हा या छंदाचा दुसरा आणि मला अधिक प्रिय असलेला भाग.

माझ्याकडचे एक नाणे घेऊ. व्यास १७ मिलिमीटर, वजन २.४ ग्रॅम, आपल्या जुन्या दहा पैशांच्या नाण्याहून लहान. मागच्या बाजूला दोन सैनिक समोरासमोर उभे, प्रत्येकाच्या हातात भाला आणि ढाल, आणि दोघांच्या मध्ये सैन्याची दोन निशाणे. भोवती अक्षरे: ‘ग्लोरिया एक्सर्सिटुस’, सैन्याचा गौरव. हे चित्र ३३०च्या सुमारास साम्राज्यभरच्या टांकसाळींतून एकदम सुरू झाले. सुमारे ३३५पर्यंत निशाणे दोन होती. मग नाणे आणखी हलके झाले, चकती आक्रसली, आणि मध्ये एकच निशाण उरले. म्हणजे सम्राट कोण हे कळण्याआधीच, फक्त निशाणे मोजून, नाण्याचे पाच-सहा वर्षांचे वय कळले. नवशिक्याने चेहऱ्याकडे आधी पाहू नये, असे मी म्हणते ते यासाठी. या काळात चेहरे एका साच्यातले आहेत. मोठे डोळे, सरळ नाक, तरुण गाल. बाप कोणता आणि मुलगा कोणता, हे नाकावरून सांगता येत नाही.

ते अक्षरांवरून सांगायचे. सम्राट कॉन्स्टंटाइनने आपल्या मुलांची नावे ठेवताना पुढच्या काळातल्या संग्राहकांचा जराही विचार केला नाही. लॅटिनमध्ये बाप कॉन्स्टान्टिनुस, थोरला मुलगा कॉन्स्टान्टिनुस, मधला कॉन्स्टान्टिउस, धाकटा कॉन्स्टान्स. थोरला म्हणजे जिवंत उरलेल्यांतला थोरला. त्याहून मोठा क्रिस्पुस बापाच्याच हुकमाने ३२६मध्ये मारला गेला होता. कॉन्स्टान्टिनुस आणि कॉन्स्टान्टिउस यांच्यात लिखाणात फरक फक्त एका ‘एन’ या अक्षराचा. नाण्यावर शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, ‘यू’ लिहायचा तिथे ‘व्ही’ कोरतात, आणि ठसा हाताने मारलेला असल्यामुळे अर्धी अक्षरे कडेबाहेर गेलेली असतात. तो एक ‘एन’ नेमका मातीच्या ढेकळाखाली असतो.

माझ्या नाण्यावर तो मिळाला. त्याच्या पुढची अक्षरे ‘आय-व्ही-एन’, मग ‘एन-ओ-बी-सी’. पहिले ‘युनिओर’, धाकटी पाती. दुसरे ‘नोबिलिस्सिमुस काएसार’, म्हणजे परमकुलीन युवराज. म्हणजे हा दुसरा कॉन्स्टंटाइन, आणि तो अजून युवराज आहे. डोक्यावरची गोष्ट याला दुजोरा देते: त्याच्या केसांत लॉरेलच्या पानांची माळ आहे. बाप ३२४नंतर रत्नजडित पट्टा बांधू लागला होता. मुले या मालिकेत बहुधा माळेवरच आहेत. बाप ३३७च्या मे महिन्यात वारला. त्या उन्हाळ्यात राजधानीत चुलते आणि चुलतभावांची कत्तल झाली, आणि सप्टेंबरात तिघे भाऊ एकदम ‘ऑगस्टस’ झाले. त्या दिवसापासून नाण्यांवरचे ‘एन-ओ-बी-सी’ गेले आणि ‘ए-व्ही-जी’ आले. तीन वर्षांनी हाच दुसरा कॉन्स्टंटाइन धाकट्या भावाच्या राज्यावर चालून गेला आणि इटलीत अ‍ॅक्विलियाजवळ मारला गेला. माझ्या हातातल्या सतरा मिलिमीटरच्या चकतीवर त्यातले काहीच अजून घडलेले नाही.

आता राहिली जागा. सैनिकांच्या पायांशी एक आडवी रेघ असते आणि तिच्याखाली चिंचोळ्या पट्टीत दोन-चार अक्षरे. माझ्या नाण्यावर ‘टी-आर-एस’. ‘टी-आर’ म्हणजे ट्रेवेरी, आजच्या जर्मनीतले ट्रिअर शहर. ‘एस’ म्हणजे ‘सेकुंदा’, दुसरी कार्यशाळा. पश्चिमेकडच्या टांकसाळी आपल्या कार्यशाळांना लॅटिनमधून पहिली, दुसरी, तिसरी म्हणत. पूर्वेकडच्या आल्फा, बीटा, गॅमा वापरत. हा बारकावा शोभेचा नव्हता. नाणे कमी वजनाचे निघाले तर कोणत्या कार्यशाळेला जाब विचारायचा, हे त्या एका अक्षरावरून कळत असे. लंडनला एक टांकसाळ होती, पण ती ३२५मध्ये बंद झाली. नंतर ब्रिटनमधली सुटी नाणी प्रामुख्याने ट्रिअर, लिआँ आणि आर्ल इथून खाडी ओलांडून येत. लिंकनशरच्या शेतात ट्रिअरचे नाणे सापडणे म्हणजे आपल्याकडे नाशिकची नोट साताऱ्यात सापडण्याइतके साधे.

याच पट्टीत एक मजेदार सापळा असतो. ‘पी-सी-ओ-एन-एस-टी’ ही अक्षरे दिसली की नवा संग्राहक हरखतो: कॉन्स्टँटिनोपल! प्रत्यक्षात ते फ्रान्समधले आर्ल. त्या शहराचे नाव ३२८च्या सुमारास कॉन्स्टान्टिना असे ठेवले गेले, आणि ते दुसऱ्या कॉन्स्टंटाइनच्या सन्मानार्थ असे मानले जाते. ३४०मध्ये तो मेल्यावर नाण्यांवर पुन्हा ‘ए-आर-एल’ आले. खऱ्या कॉन्स्टँटिनोपलची खूण ‘सी-ओ-एन-एस’ आणि तिच्यामागे ग्रीक अक्षर. लॅटिन अक्षर पुढे की ग्रीक अक्षर मागे, एवढ्यावर दोन हजार किलोमीटरांचा फरक पडतो. शहरांची नावे राज्यकर्त्यांबरोबर बदलण्याची आपल्याला सवय असल्यामुळे मराठी माणसाला हे लवकर पटते.

शिवाय काही मालिकांत या अक्षरांना लागून एखादा ठिपका, तारा, ताडाची फांदी किंवा पुष्पचक्र असते. टांकसाळ आपल्या सोयीसाठी दर वर्ष-दोन वर्षांनी ही खूण बदलत असे. ‘रोमन इम्पीरियल कॉइनेज’ या दहा खंडांच्या सूचीत, जिचा पहिला खंड मॅटिंग्ली आणि सिडनहॅम यांनी १९२३मध्ये काढला, या खुणांची क्रमवारी लावलेली आहे. या काळाचा सातवा खंड पॅट्रिक ब्रून यांचा, १९६६चा. तो हाताशी असला म्हणजे एका ठिपक्यावरून नाणे दोन वर्षांच्या आत आणून बसवता येते. आता पुन्हा सुरीचा विचार करा. सुईच्या टोकाएवढा तो उंचवटा ठिपका आहे की वाळूचा कण? कण समजून ठिपका उडवला तर नाणे दोन वर्षे सरकते. मी अशा वेळी दिवा आडवा धरून चारही बाजूंनी सावली पाहते. ठशाच्या ठिपक्याला सगळीकडून एकसारखा उतार असतो. वाळूच्या कणाला कोपरे असतात. शंका राहिली तर कण तसाच राहू देते.

काही विक्रेते उलट वाट धरतात. झिजलेल्या नाण्यावर सुरीने नवे केस, नवी अक्षरे कोरतात. अक्षरांच्या मधली जमीन जास्त गुळगुळीत आणि केसांच्या रेघा जास्त धारदार दिसल्या की दूर व्हावे. गंजलेले खरे नाणे त्यापेक्षा केव्हाही बरे.

वाचता न येणाऱ्या नाण्यांबद्दलही दोन शब्द. रिचर्ड रीस या पुरातत्त्वज्ञाने ब्रिटनमधल्या रोमन नाण्यांचे एकवीस कालखंड पाडले. एखाद्या जागी कोणत्या कालखंडाची नाणी किती सापडली, याचा आलेख काढला की ती जागा देऊळ होती, छावणी होती की वाडी, आणि ती केव्हा ओस पडली, याचा अंदाज करता येतो. सतरावा कालखंड ३३० ते ३४८चा, म्हणजे माझ्या दोन सैनिकांचा. त्याची नाणी ब्रिटनभर भरमसाट सापडतात. म्हणून संग्राहक त्यांना नाक मुरडतात, आणि नेमके म्हणूनच ती अभ्यासाच्या उपयोगाची. अक्षर न्‌ अक्षर पुसलेले नाणेही जाडी, व्यास आणि वजन यांवरून बऱ्याचदा चौथ्या शतकात टाकता येते. त्याचे शेत माहीत असेल तर ते त्या आलेखात एक टिंब ठरते; माहीत नसेल तर कितीही सुंदर असले तरी टेबलावरची शोभा.

इथे मला पुटाचा विचार वेगळ्या मापात दिसू लागतो. नाण्याभोवतीचे गंजाचे थर हे जसे त्याचे पुट, तसे पुरलेल्या ठेव्याभोवतीची माती हे त्या ठेव्याचे पुट. २०१०च्या एप्रिलमध्ये सॉमरसेटमधल्या फ्रोम गावाजवळ एका धातुशोधकाला मडक्याचा काठ लागला. त्याने हात आवरला आणि पुरातत्त्वज्ञांना बोलावले. त्यांनी मडके जागच्या जागी, थराथराने रिकामे केले. ५२,५०३ नाणी निघाली, वजन १६० किलोंच्या घरात. सगळ्यांत उशिराची नाणी होती ती २८६ ते २९३ या काळात ब्रिटनमध्ये स्वतंत्र होऊन बसलेल्या कारॉसियसची. ती मडक्याच्या तोंडाशी असायला हवी होती. निघाली ती बरीचशी खालच्या अर्ध्या भागात. म्हणजे हे कोणी वर्षानुवर्षे भरत आणलेले भिशीचे मडके नव्हते. ते एकाच सुमाराला भरले गेले होते, आणि पातळ मडके इतक्या वजनानिशी उचलणे शक्य नसल्यामुळे खड्ड्यात ठेवूनच भरले असणार. संकटात लपवलेले धन की देवाला वाहिलेले दान, हा वाद त्यातून उभा राहिला. त्या माणसाने घाईने नाणी उपसून बादलीत टाकली असती तर वादही उरला नसता. बावन्न हजार सुटी नाणी उरली असती.

आपल्याकडचे उदाहरण नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीचे. १९०६मध्ये तिथे क्षत्रप नहपानाची चांदीची १३,००० हून अधिक नाणी सापडली. एका बाजूला राजाचा मुखवटा आणि त्याभोवती ग्रीक लिपीत लिहिलेले नाव. त्या मुखवट्याच्या घडणीत भूमध्य समुद्राकडच्या नाण्यांची सावली दिसते. त्यांतल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा वरून मारलेला होता. रेव्हरंड स्कॉट यांनी मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकातून त्यांचा अभ्यास मांडला. सातवाहनांनी नहपानाचा पाडाव केल्याचा इतका बोलका पुरावा दुसरा नाही. एखाद-दुसरे ठसा मारलेले नाणे सराफाकडे मिळाले असते तर ती चमत्कारिक वस्तू ठरली असती. तेरा हजारांत नऊ हजार, हे प्रमाण एकत्र सापडले म्हणून बोलले.

आणि दक्षिणेत याच्या उलट घडले. तमिळनाडूत करूरजवळ अमरावती नदीच्या आणि मदुराईला वैगेच्या वाळूत चौथ्या-पाचव्या शतकांतली रोमन तांब्याची लहान नाणी मिळत आली आहेत; श्रीलंकेत तर फार मोठ्या संख्येने. प्लिनीने भारताकडे दर वर्षी पाच कोटी सेस्टर्स जातात अशी तक्रार केली ती पहिल्या शतकातल्या सोन्या-चांदीच्या व्यापाराबद्दल. ही तर कवडीमोलाची चिल्लर. ती इतक्या दूर का आली? स्थानिक बाजारात सुटे पैसे म्हणून ती चालली असावीत असे अभ्यासक म्हणतात, कारण त्यांच्या नकलाही इकडे पाडल्या गेल्या. पण नदीच्या वाळूत थर नसतात. पाण्याने पुटही घासून नेलेले असते.

माझ्या संग्रहात बावीस नाणी साफ केलेली आहेत. प्रत्येक नाण्याची कागदी पाकिटे आहेत. वर सम्राट, टांकसाळ, सूचीतला क्रमांक, आणि शेताची नोंद. तेविसावे गेल्या हिवाळ्यात पाण्यात पडले होते. चौथ्या आठवड्यात माती सुटली तेव्हा एका बाजूच्या हिरव्या थरात बारीक जाळी दिसली. वीस पट मोठे करून पाहिले: एक धागा वर, एक खाली, साधी वीण. नाणे कधी तरी कापडात गुंडाळलेले किंवा कापडी पिशवीत असावे. तांब्याचे क्षार जंतूंना मारतात, त्यामुळे धातूला चिकटलेले कापड कुजायच्या आधीच त्याच्या तंतूंची जागा खनिज घेते आणि विणीची प्रतिकृती मागे राहते. इंग्लंडच्या ओल्या मातीत त्या काळचे कापड सहसा उरत नाही. उरते ते असे, गंजाच्या छायेत. या विणीखाली एक चेहरा आहे. कडेला तीन अक्षरे दिसतात, ‘एस-टी-ए’, आणि ती या घराण्यातल्या चौघांच्याही नावांत आहेत. तो एक ‘एन’ पाहायचा तर कापड काढावे लागेल.

मी ते पाण्यातून काढले, वाळवले आणि परगण्याच्या अधिकाऱ्याकडे नेले. तिने विणीचे फोटो घेतले, सेंटिमीटरमागे धागे मोजले, शेताच्या नोंदीला जोडले आणि नाणे परत दिले. पाकिटावर मी लिहिले आहे: व्यास १८ मिमी., वजन १.९ ग्रॅम, चौथे शतक, कॉन्स्टंटाइनचे घराणे, एका बाजूस विणीची खूण. पुढे साफ करू नये.